कानाचा हिशेब कोणी ठेवायचा?

2002 साली फ्रान्समधल्या दुकानांतून ॲपलला आपला आयपॉड काही काळ मागे घ्यावा लागला. यंत्रात बिघाड काही नव्हता. ते कायद्याला मान्य नाही इतक्या मोठ्याने वाजत होते. खिशात घालून ऐकायच्या यंत्राचा आवाज 100 डेसिबलच्या वर जाता कामा नये आणि पूर्ण आवाजात दीर्घकाळ ऐकल्यास कानाला इजा होऊ शकते ही सूचना ग्राहकाला दिली गेली पाहिजे, असा कायदा फ्रान्सने 1996 मध्येच केला होता. ॲपलने सॉफ्टवेअर बदलून आवाज मर्यादेत आणला आणि मग आयपॉड पुन्हा विक्रीला आला.

पुढे हीच वाट साऱ्या युरोपने धरली. युरोपियन आयोगाच्या शास्त्रीय समितीने ऑक्टोबर 2008 मध्ये मत दिले, की अशी यंत्रे वापरणाऱ्यांपैकी 5 ते 10 टक्के लोक इतक्या मोठ्याने आणि इतका वेळ ऐकतात, की हीच सवय पाच वर्षे राहिली तर त्यांची श्रवणशक्ती कायमची खालावण्याचा धोका आहे. 2009 मध्ये आयोगाने मानके बदलायला सांगितली आणि 2013 पासून युरोपातल्या नव्या यंत्रांना नवी शिस्त लागली. यंत्र कारखान्यातून येतानाच 85 डेसिबलवर थांबेल असे बसवलेले असायचे. ऐकणाऱ्याला त्याहून मोठे हवे असेल तर त्याने ते स्वतःहून वाढवायचे, पण 100 च्या पुढे नाही, आणि वाढवलेल्या आवाजात 20 तास ऐकून झाले की यंत्राने त्याला पुन्हा विचारायचे.

यावर तेव्हा जो आक्षेप घेतला गेला तो आजही घेतला जातो, आणि तो थिल्लर नाही. कान माझा, गाणे माझे, पैसे माझे. शेजाऱ्याला त्रास नाही, रस्त्यावर कोणाला धक्का नाही. मग माझ्या कानात किती आवाज जावा हे सरकारने का ठरवावे? लाउडस्पीकरवर बंदी घाला, समजू शकतो. पण इअरफोन हा तर दुसऱ्याला त्रास न देता ऐकण्याचाच मार्ग आहे.

मला व्यक्तीचे स्वातंत्र्य मोलाचे वाटते, म्हणूनच या आक्षेपाला नीट उत्तर द्यावेसे वाटते. माझे म्हणणे असे आहे: जिथे माणसाला आपण काय गमावतो आहोत हे गमावण्याच्या क्षणी कळते, तिथे त्याला त्याच्या निवडीवर सोडावे. कानाच्या बाबतीत ते कळत नाही. कळण्याची सोय निसर्गानेच ठेवलेली नाही.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात जन्मतः साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. हवेतली थरथर मेंदूला समजेल अशा विद्युत्संकेतात बदलण्याचे काम या पेशींचे. दोन्ही कानांच्या मिळून तीस हजारांच्या आसपास. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी कोटींच्या घरात असतात, हे लक्षात घेतले तर आपण किती थोड्या भांडवलावर आयुष्यभर ऐकतो ते समजेल. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या उगवतात. सस्तन प्राण्यांमध्ये उगवत नाहीत. माणसाची एक केशपेशी गेली की ती जागा मरेपर्यंत रिकामी राहते.

आणि ती जाताना दुखत नाही. विस्तवाला हात लागला की आपण तो झटकन मागे घेतो. कानाला मात्र वेदना होऊ लागते ती 120 डेसिबलच्या आसपास. इजा 85 च्या आगेमागेच सुरू झालेली असते. मधल्या पस्तीस डेसिबलच्या पट्ट्यात माणूस संगीताचा आनंद घेत असतो आणि शरीर त्याला काहीही सांगत नाही. फार तर कार्यक्रमाहून परतल्यावर रात्री कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटते, सकाळी ते थांबते, आणि कान बरा झाला असे आपण समजतो.

तो बरा होतोच असेही नाही. 2009 मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग या क्षेत्राला हादरवणारा ठरला. मोठा आवाज ऐकवलेल्या उंदरांची श्रवणचाचणी काही दिवसांत पूर्ववत झाली. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर केशपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे निम्म्यापर्यंतचे सांधे तुटलेले होते. म्हणजे चाचणीचा कागद स्वच्छ आणि आतली तारच तुटलेली. अशा कानाला शांत खोलीत सगळे ऐकू येते, पण चार माणसे एकदम बोलू लागली की शब्द लागत नाहीत. माणसात हे किती प्रमाणात घडते यावर अभ्यास चालू आहेत. पण ‘माझी ऑडिओमेट्री नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहणे आता कठीण आहे.

दुसरी अडचण डेसिबलची. हे मोजमाप आपल्या रोजच्या अंदाजात बसत नाही. तीन डेसिबल वाढले की कानात जाणारी ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की दसपट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ जेमतेम दुप्पट वाटते. म्हणजे व्हॉल्यूम ‘जरा’ वाढवला असे बोट सांगते, तेव्हा सुरक्षित वेळ दहा भागांतल्या एका भागावर येऊन ठेपलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही मर्यादा मानली आहे. हाच हिशेब पुढे मांडा. 90 डेसिबलवर आठवड्याचा वाटा चार तासांत संपतो आणि 100 डेसिबलवर चोवीस मिनिटांत. उपनगरातून तासभर लोकलने कामावर जाणारा आणि तासभर परतणारा माणूस 90 डेसिबलवर ऐकत असेल, तर सोमवारी सकाळी सुरू झालेला त्याचा आठवडा मंगळवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत संपलेला असतो.

हा हिशेब कोणी मनात ठेवू शकेल का? मी म्हणते, नाही. आणि ज्याचा हिशेब ठेवताच येत नाही त्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर टाकून मोकळे होणे याला स्वातंत्र्याचा आदर म्हणता येणार नाही. हिशेब फक्त यंत्र ठेवू शकते, कारण किती आवाज किती वेळ सोडला हे त्यालाच ठाऊक असते. म्हणून नियम यंत्राला हवा.

कारखान्यांच्या इतिहासात आपण या प्रश्नाला एकदा सामोरे गेलो आहोत. ग्लासगोचे कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी 1886 मध्ये शंभर बॉयलर-कामगारांचे ऐकणे खिशातल्या घड्याळाच्या टिकटिकीने तपासले. त्यांत एकाचाही कान धड निघाला नाही. तरी बहिरेपण हा त्या धंद्याचा भागच आहे असे पुढे कित्येक दशके मानले गेले. मालक मानत आणि कामगारही मानत. आपल्या गिरणगावातल्या साचेखात्यांतही लूमच्या खडखडाटात माणसे खुणांनी बोलत, आणि आयुष्यभर घरीही वरच्या पट्टीत बोलत राहत. ‘त्यांना सवय झाली आहे,’ असे म्हटले जाई. कान सवय करून घेत नाही, तो मरत असतो. पुढे भारताच्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळे येणारे बहिरेपण हा सरकारला कळवायलाच हवा असा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदला गेला. तिथेही कामगार स्वतःच्या मर्जीने कामावर येतो, कान त्याचाच असतो; तरी ‘त्याचे त्याने पाहावे’ असे आता कोणी म्हणत नाही.

याच कारखान्यांतून तो 85 चा आकडा आला आहे, आणि त्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण हेडफोनच्या खोक्यांवर तो ‘सुरक्षित’ म्हणून छापला जातो. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1998 मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी 85 डेसिबलची शिफारस केली, तेव्हा तिनेच लिहून ठेवले होते की चाळीस वर्षे या पातळीवर काम केलेल्या शंभरांतल्या आठ जणांची श्रवणशक्ती तरीही आवाजामुळे बाधित होईल. म्हणजे हा आकडा एक तडजोड होती: प्रौढ कामगारांसाठी, कामाच्या वेळेपुरती, आणि उरलेला दिवस कान शांततेत विसावेल असे धरून. आता तोच आकडा सहा वर्षांच्या मुलाच्या हेडफोनवर अभयवचनासारखा येतो. 2016 मध्ये अमेरिकेत वायरकटर या परीक्षण-संस्थेने मुलांसाठी म्हणून विकले जाणारे तीस हेडफोन तपासले, तर त्यांतले जवळपास निम्मे सांगितलेली मर्यादासुद्धा पाळत नव्हते. लहान मुलांसाठी आरोग्य संघटनेचा हिशेब वेगळा आहे, 75 डेसिबल. मुलांच्या हेडफोनबाबत मला कसलीही सूट मान्य नाही. तिथे मर्यादा यंत्रातच पक्की असावी, तपासलेली असावी, आणि खोटा आकडा छापणाऱ्याला दंड व्हावा. निवडीच्या स्वातंत्र्याचा मुद्दा तिथे लागूच होत नाही.

प्रौढांच्या बाबतीत मात्र नुसती वरची मर्यादा पुरेशी नाही असे माझे मत आहे. फ्रान्सचा 100 चा आकडा पाहा. वर केलेल्या हिशेबाने तो आठवडाभराचा वाटा चोवीस मिनिटांत संपवतो. मग त्याने संरक्षण ते किती झाले? आणि उलट बाजूने, हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेली एखादी जुनी मैफल ऐकताना माणसाला व्हॉल्यूम बराच वर न्यावा लागतो. तिथे मर्यादा खाली आणली तर तंबोरा ऐकूच येणार नाही. एका क्षणाचा आवाज कापणारा नियम ढोबळच राहतो, कारण कानाला इजा होते ती आवाज आणि वेळ यांच्या गुणाकाराने.

हे ओळखून आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2018 मध्ये एच.870 हे मानक काढले. त्यात यंत्राने ऐकणाऱ्याचा साप्ताहिक वाटा मोजायचा, किती संपला ते दाखवायचे, संपत आला की सावध करायचे, आणि माणसाने काहीच सांगितले नाही तर आपणहून आवाज सुरक्षित पातळीवर आणायचा, अशी कल्पना आहे. युरोपच्या मानकांतही 2017 पासून याच पद्धतीला जागा मिळाली. मला हा नियम दोन्ही बाजूंनी न्याय्य वाटतो. आवडते गाणे पूर्ण आवाजात ऐकायची मुभा राहते, पण त्याची किंमत ऐकताना समोर दिसते.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. इअरफोनने तरुणांची पिढी बहिरी होते आहे, असे छातीठोकपणे सांगण्याइतके आकडे अजून हाती नाहीत. अमेरिकेत किशोरवयीन मुलांमधली श्रवणहानी 1988 ते 1994 या काळातल्या 14.9 टक्क्यांवरून 2005-06 मध्ये 19.5 टक्क्यांवर गेल्याचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला आणि गाजला. 2017 मधल्या दुसऱ्या विश्लेषणात ती वाढ पुढे टिकलेली दिसली नाही. टीकाकार यावर बोट ठेवतात आणि ते योग्यच आहे. पण आवाजाचे नुकसान वयाच्या नुकसानात मिसळून दहा-वीस वर्षांनी वर येते. विशीत गेलेल्या पेशींची उणीव पन्नाशीत जाणवते. ठोस पुरावा हवा म्हणून थांबायचे, तर तो आजच्या मुलांच्या कानांतूनच गोळा करावा लागेल, आणि तेव्हा त्यांच्यासाठी काहीच करता येणार नाही. कारखान्यांनी शंभर वर्षांत दिलेला पुरावा समोर आहेच. ऊर्जा लूममधून आली की इअरबडमधून, याने केशपेशीला फरक पडत नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात आवाजाचा विषय काढला की मिरवणुकीतला डीजे आठवतो, आणि लोक विचारतात: भिंती हलवणाऱ्या आवाजाला आवर घालता येत नाही, तिथे खिशातल्या इअरफोनचे काय घेऊन बसलात? सार्वजनिक आवाजाविरुद्ध आपल्याकडे मोठी लढाई झाली आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी ती 1980 च्या दशकात न्यायालयात नेली, सुमैरा अब्दुलअली आणि आवाज फाउंडेशनने मोजणीयंत्र हातात घेऊन ती चालू ठेवली. 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा सांगतात, आणि त्या कागदावरच राहतात याचा मलाही संताप येतो. पण हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत. बाहेर गोंगाट असतो म्हणूनच कानातला आवाज वाढतो. शांत खोलीत जे गाणे निम्म्या आवाजात पुरते, तेच लोकलच्या दारात, एसटीत किंवा मेट्रोच्या कामाशेजारच्या रस्त्यावर पूर्ण आवाजातही अपुरे वाटते. गाणे गोंगाटाच्या वर यावे लागते. म्हणजे आपले शहर आधी कानावर आघात करते आणि मग त्यातून सुटायला आपण स्वतःच दुसरा आघात करून घेतो. कान दोन्ही एकाच खात्यात मांडतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र लिहून हेडफोनचा वापर आवरण्याचा सल्ला दिला: आवाज 50 डेसिबलपर्यंत, दिवसाला दोन तासांहून जास्त नको, मधे विश्रांती घ्या. हेतू चांगला आहे आणि सरकारला हा विषय महत्त्वाचा वाटला याचे समाधान आहे. पण 50 डेसिबल म्हणजे घरातले शांत संभाषण. लोकलमध्ये तो आवाज ऐकूच येणार नाही. आणि आपल्या इअरफोनमधून 50 येतात की 90, हे कळायला सामान्य माणसाकडे काय साधन आहे? व्हॉल्यूमच्या पट्टीवर डेसिबल लिहिलेले नसतात. त्याच पट्टीवर एक इअरफोन दुसऱ्याहून कितीतरी मोठा वाजतो. मोजता न येणाऱ्या गोष्टीचा सल्ला पाळता येत नाही. म्हणून पत्रानंतरची पायरी नियमाची असायला हवी.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. वायरलेस हेडफोन आणि इअरफोन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत आहेत; बॅटरी आणि विजेच्या सुरक्षिततेची चाचणी होऊन नोंदणीक्रमांक मिळाल्याखेरीज ते विकता येत नाहीत. बॅटरी फुटू नये म्हणून जी चाचणी होते, तिच्या जोडीने कानापाशी किती आवाज पोचतो हे मोजणे अवघड नाही. कमाल आवाजाचा खरा आकडा खोक्यावर छापायला लावा. साप्ताहिक वाट्याची मोजणी आणि आपणहून कमी होणारा आवाज फोनमध्ये मुळातच चालू असू द्या. नको असेल त्याने ती सोय बंद करावी. नियम फोन आणि इअरफोन दोघांनाही लागू हवा, कारण फोनने पाठवलेल्या संकेताचा कानात किती आवाज होतो हे शेवटी इअरफोन ठरवतो. फक्त एकाला बांधले की दुसऱ्यातून वाट निघते. युरोपला सुरुवातीला हीच अडचण आली.

नियमाचा आग्रह धरण्यामागे मला सर्वांत जास्त टोचणारे कारण पैशाचे आहे. महागड्या फोनमध्ये हा हिशेब आजच मिळतो. स्टेशनबाहेर दीडशे रुपयांना मिळणाऱ्या इअरफोनमध्ये तो नसतो, आणि सगळ्यात गोंगाटाच्या जागी, सगळ्यात लांबचा प्रवास करत तोच वापरला जातो. सुरक्षा ऐच्छिक ठेवली की ती विकत घेऊ शकणाऱ्यांनाच मिळते.

‘नुकसान माझेच’ हेही पूर्ण खरे नाही. आवाजाने कान जातो तेव्हा आधी 4,000 हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते. स, श, फ, थ असे बारीक ध्वनी पुसट होतात. माणसाला बोललेले ऐकू येते, पण समजत नाही, आणि घरातले म्हणू लागतात की हा लक्षच देत नाही. तो हळूहळू गप्प होतो, फोन टाळतो, समारंभात कोपरा धरतो. मध्यमवयातली श्रवणहानी हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा एक मोठा धोका असल्याचे लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने 2020 च्या अहवालात नोंदवले आहे. हा भार जोडीदारावर, मुलांवर, सहकाऱ्यांवर पडतो. आणि कायदा मदतीला येत नाही: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांनी 60 डेसिबलची हानी झाल्याशिवाय माणूस ‘कमी ऐकू येणारे’ या गटातही बसत नाही. 45-50 डेसिबल गमावलेल्याला श्रवणयंत्राची गरज पुरेपूर असते, सवलत मात्र नसते. चांगल्या श्रवणयंत्राच्या जोडीला हजारो रुपये लागतात, आणि ते गेलेली केशपेशी परत आणत नाही.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर जे हातात आहे ते करा. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘हेडफोन सेफ्टी’खाली मोठा आवाज कमी करण्याची सोय आहे, सॅमसंगसारख्या फोनमध्ये मीडिया व्हॉल्यूमला मर्यादा घालता येते. घरातल्या मुलांच्या फोनमध्ये ती आज लावा, मग स्वतःच्या. आणि ग्राहक पंचायतींनी, नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनांनी आणि राज्यातल्या खासदारांनी मानक ब्युरोकडे एकच मागणी लावून धरावी: ज्या यंत्राला आपला कमाल आवाज किती आणि कानाचा वाटा किती संपला हे सांगता येत नाही, त्याला नोंदणीक्रमांक देऊ नका.